बिनआईचा चिखल

नादीरच्या हातातून पहिला शब्द गेला तो समुद्र. समुद्र म्हणायचा तर दोन्ही हातांची बोटं पसरून लाटेसारखी हलवत पुढे न्यावी लागत. आणि एका थंडीत तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडे वळली ती सरळ होईनात. मग पाऊस गेला. मग जाळं गेलं, केळीचं पान गेलं. ज्या शब्दांना नुसती मूठ चालायची तेवढे राहिले: दार, दगड, पाव, राग. एपोनिना बहिणीसमोर बसून हे बघायची आणि तिला वाटायचं, कुणीतरी घरातली भांडी एकेक करून उचलून नेतंय आणि आपण दारात नुसत्या उभ्या आहोत.

नादीर दीड वर्षाची असताना तापात तिचे कान गेले. काम्बुइरा गावाला तेव्हा धड रस्ता नव्हता, खाडी हाच रस्ता. मग बहिऱ्या मुलांची शाळा कुठून असणार? थोरली एपोनिना आणि धाकटी नादीर, दोघींनी खाडीकाठच्या तिवरांत खेकडे धरता धरता हातांची एक भाषा तयार केली. ती कुणी शिकवली नव्हती आणि कुणी लिहून ठेवली नव्हती. आई, दोना जेनेरोझा, हिलाही ती अर्धीमुर्धीच कळायची. गावाला म्हणाल तर दहा-बारा खुणा येत: ये, जा, जेव, मासा, मेला, चोर. तेवढ्यावर गावाचं काम भागे. बाकीची सगळी नादीर एकट्या एपोनिनाला ठाऊक होती.

आणि बाकीची नादीर म्हणजे काय चीज होती! प्रार्थनेला बसली की मांडीवर हात ठेवून बोटांनीच बोलायची. पाद्र्याचं पोट त्याच्या आधी देवळात शिरतं, याच्यावर तिचं एक अख्खं आख्यान होतं. एपोनिना नको तिथे फसकन हसायची आणि सगळं गाव वळून तिच्याकडे बघायचं. नादीर मात्र संतिणीसारखा चेहरा करून क्रुसाकडे बघत बसलेली. नवऱ्याच्या मयतीत एपोनिनाला रडू येईना, तेव्हा नादीरनेच तिला हळूच सांगितलं होतं, "खाली बघ आणि खांदे हलव, पुरे होतं." अशी ती. तिचे हात मिटले की ही सगळी बाई आत कोंडली जाणार होती, आणि दाराची एकुलती किल्ली ज्या बहिणीकडे होती तिच्या हातात ती नुसतीच राहणार होती.

संधिवाताने नादीरला चाळिशीतच धरलं होतं. पण तेव्हा चिखल होता.

काम्बुइराच्या खाडीत, तिवरांच्या मुळांखाली, काळीभोर गाळाची माती आहे. दोना जेनेरोझाच्या काळी शहरातून मोटारी भरभरून माणसं यायची. बायका, पुरुष, वकील, नन, सगळे अंगभर चिखल फासून बाकांवर ओळीने उन्हात बसत. कच्च्या मूर्ती वाळत घातल्यासारखे. सांधे धरलेली माणसं आंघोळ करून उठली की जिना चढून दाखवायची. एपोनिना आणि नादीर त्या चिखलात वाढल्या, केसांच्या मुळांपर्यंत.

तो चिखल काही खणला आणि लावला असा नसे. माती गाळायची, समुद्राच्या पाण्यात टाकीत घालून वर्षभर मुरू द्यायची. आणि मुरायला हवी तर तिला आई घालायची. आई म्हणजे जुन्या, मुरलेल्या चिखलाची मूठ. विरजणच म्हणा ना. ती आपल्याच टाकीतली घालायची नसते. शेजारणीने द्यायची. तीही मागायची नसते, सांगायची नसते. आपण घरात नसताना शेजारीण येते, टाकीत मूठ सोडते आणि निघून जाते. आपण घरी येऊन वास घेतला की कळतं, कुणीतरी येऊन गेलं. आभार मानायचे नाहीत, विचारायचंही नाही; विचारलं तर चिखल नासतो म्हणत. काम्बुइरात भांडणं काय थोडी होती? कोंबड्यांवरून, कुंपणांवरून, नवऱ्यांवरूनसुद्धा. पण एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या बायकाही एकमेकींच्या टाकीला आई घालत. असं गाव होतं ते.

मग सान्तोसच्या इस्पितळातून नादीरला नवी औषधं सुरू झाली. सूज उतरली, दुखणं कमी झालं. पण त्या औषधाने अंगातली पहारेकरी माणसं झोपतात, डॉक्टरने असंच समजावलं होतं. एके दिवशी तिच्या बोटाच्या पेरावर भेग होती आणि एपोनिनाने नेहमीसारखा चिखल लावला. तीन दिवसांत नादीर राखेच्या रंगाची झाली. रक्तातच विष भिनलं. इस्पितळाच्या खाटेवर ती ओळख विसरून पडली होती, नळ्यांनी बांधलेली. वाचली, पण डॉक्टरने एपोनिनाला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, कच्चा चिखल पुन्हा लावलात तर पुढच्या वेळी मी तिला परत आणू शकणार नाही." औषध सोडावं तर सांधे जळत सुटायचे. म्हणजे औषध हवं, आणि त्या औषधाने न उघडणारी बोटं उघडायला चिखलही हवा, आणि दोन्ही एकत्र आले की मरण.

एपोनिनाने काय करायचं बाकी ठेवलं? चिखल उकळला, खाली दगड बसला, वर पाणी आलं. भट्टीत भाजला, कौल झालं. कुकरमध्ये घातला, बाहेर विटेचा तुकडा, आत कच्चाच. नुसत्या गरम पाण्याने बोटं उघडत, पण पाण्यातून हात काढेपर्यंत पुन्हा मिटत. मेणाचंही तेच. चिखलासारखी ऊब धरून ठेवणारं दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात साओ पावलोहून डॉक्टर योशिए आल्या. बुटक्या, जाड चष्म्याच्या, गमबूट घालून थेट तिवरांत उतरणाऱ्या. नादीरने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव ठेवलं: नाकावरून चष्मा वर ढकलायची खूण. तेव्हा तिचं एक बोट अजून सरळ होत होतं. डॉक्टर योशिए मातीचाच अभ्यास करत. कोबाल्टच्या किरणांखाली मातीची पाकिटं ठेवायची. आतले सगळे जंतू मरतात, पण माती तापत नाही, तिचा लोण्यासारखा मऊपणा जात नाही. औषधाला आणि तोंडाला लावायच्या मातीला हेच करायला हवं, असं त्या म्हणत. एपोनिनाने त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही.

"म्हणजे माझ्या बहिणीला लावता येईल?"

"पाकीट बंद आहे तोवर आत काही जिवंत नसेल. एक पाकीट, एक वेळ. उघडलं की वापरायचं, उरलं तर फेकायचं. एवढं पाळाल?"

"बाई, तुम्ही सांगाल तर मी उपास पाळेन."

एपोनिनाने हिवाळाभर पुरेल एवढी माती खणली, गाळली, छोट्या छोट्या पिशव्यांत भरली. मासळीच्या सहकारी शेडमध्ये कोळंबीच्या पिशव्या चिकटवायचं मशीन होतं. तिथे कामाला असणाऱ्या शेजारणींनी, झोराइदेने आणि लिंदाउराने, प्रत्येक पिशवीचं तोंड चिकटवून दिलं. झोराइदे म्हणजे एपोनिनाची कोमाद्रे, तिच्या थोरल्या लेकीला एपोनिनाने देवळात बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं होतं. पिशव्या मासळीच्या गाडीतून शहरात गेल्या. परत आल्या तेव्हा प्रत्येकीवरची पिवळी टिकली लाल झालेली होती, किरण लागल्याची खूण.

"अंधारात चमकतात का गं?" लिंदाउराने लांबूनच विचारलं.

"एक्स-रे काढल्यावर तू चमकलीस का? किरण येतात आणि जातात, आत राहत नाहीत," एपोनिना म्हणाली. त्या दिवशी ती देवळाच्या पायरीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "सगळं मेलंय आतलं. एक कण जिवंत नाही!" बायकांनी छातीवर क्रूस काढला.

एपोनिनाने पहिली पिशवी उघडली. चिखलाला वास नव्हता. धुतलेल्या पाटीसारखा होता तो. तिने पिशवी गरम पाण्यात धरून कोमट केली, नादीरच्या मुठींवर चिखल थापला, वरून फडकं गुंडाळलं. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. मग फडकं सोडून हात धुतले, आणि एपोनिनाने एकेक बोट हळूहळू उचललं. अंगठा आला. पहिलं बोट आलं. करंगळी कुरकुरली आणि आली.

नादीरने हात डोळ्यांसमोर धरून उलटेपालटे करून पाहिले. मग बोलली. सावकाश, गंजलेल्या कडीसारखी.

"सहा महिने झाले, घेवड्यात मीठ जास्त घालतेस."

"मग सांगायचं नाही?"

"कशाने? कोपराने?" आणि पुढे, "या चिखलाला वास कसा नाही? चिखल आहे की आपल्या पाद्र्याचं प्रवचन?"

एपोनिना हसता हसता रडायला लागली. नादीरने पिशवीतल्या उरल्यासुरल्या चिखलात बोट बुडवून तिच्या गालावर ओढलं आणि म्हणाली, "हं. आता माणसासारखी दिसतेस."

त्या हिवाळ्यातले ते पहिले आठवडे! रोज दुपारी तीन-चार तास नादीर बोलायची, साठलेलं सगळं. इस्पितळात शेजारच्या खाटेवरची म्हातारी नर्सची साखर कशी चोरायची ते सांगितलं. लहानपणी दोघींची होडी वाहून गेली होती, तेव्हा गाठ कुणी नीट मारली नव्हती यावरून पुन्हा पहिल्यासारखं भांडण झालं. सान्तोसचे डॉक्टर बोटं बघून खूश झाले. म्हणाले, "हा हिवाळा बोटं हलती ठेवा. एवढ्यात आखडली तर शिरा तशाच आवळून बसतील, मग कुठलाही चिखल त्यांना उघडणार नाही. हिवाळा काढलात तर जिंकलात." एपोनिना कोठीतल्या पिशव्यांच्या रांगेवरून रोज नजर फिरवायची. पुरत होत्या. एखाददुसरी जास्तच होती.

मग रक्त तपासायला सान्तोसला जावं लागलं. दोन दिवसांचं काम, पण रक्तात काहीतरी कमी निघालं आणि त्यांनी नादीरला ठेवून घेतलं. एपोनिना खुर्चीत बसून राहिली, पिशव्या घरी. दोन दिवसांचे दहा-बारा झाले. तिकडे रोज थोडी थोडी बोटं मिटत गेली. परतीच्या बसमध्ये नादीर फक्त मुठींनी बोलत होती आणि खिडकीबाहेर बघत होती. घरी पोचायचं आणि चिखल लावायचा, एवढंच एपोनिनाच्या डोक्यात होतं.

तिने अंगावरचा कोट न काढता पाणी ठेवलं, कोठीतून पिशवी आणली आणि कोपरा कापला.

वास आला.

खाडीचा, ओहोटीचा, सडक्या पानांचा, उकडलेल्या अंड्याचा. दोना जेनेरोझाच्या टाकीचा. एका क्षणासाठी एपोनिना लहान झाली. टाकीच्या कठड्यावर पोटावर पडून, खाली हात सोडून, आईच्या हाका ऐकत. असा वास तिला कित्येक वर्षांत आला नव्हता. तिने तो पोटभर आत ओढून घेतला आणि मगच तिच्या ध्यानात आलं, या पिशवीला वास असता कामा नये.

ती कोठीत धावली. काही पिशव्या फुगल्या होत्या, मेलेल्या माशाच्या पोटासारख्या. दिव्याखाली धरून पाहिलं. प्रत्येक पिशवीच्या कोपऱ्याला दुसरी चिकटवलेली रेघ होती. सुबक, सरळ, ओळखीच्या हाताची.

शेडमध्ये कोळंबी आली होती. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका टेबलाशी उभ्या होत्या.

"झोराइदे, माझ्या घरात कोण गेलं होतं?"

"कोण जाणार बाई? चोर? तुझ्या घरात आहे काय चोरायला, तुझ्या नवऱ्याचा मुका रेडिओ?"

"पिशव्या कुणी उघडल्या?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसल्या. लपवलेली भेट सापडल्यावर पोरी हसतात तशा.

"एपोनिना, असं विचारतात का कधी?" लिंदाउरा म्हणाली. "नासेल ना गं."

"किती पिशव्यांत घातलीत?"

"आता विचारतेसच तर सांगते," झोराइदेने हातमोजे काढले. "सगळ्या. अर्धवट काम करतो का आम्ही? कोपरा कापला, चमचाभर आई, पुन्हा मशीनवर. दोन सकाळी गेल्या आमच्या. तुला कळायला नको होतं खरं तर."

"आणि माझ्या टाकीतली नाही हो," लिंदाउरा पुढे झाली, "माझ्या आजीच्या मडक्यातली. मी ती माझ्या सख्ख्या वहिनीलाही दिली नव्हती. पण नादीरसाठी म्हटलं..."

एपोनिनाने टेबलाची कड धरली.

"आतले जंतू मारायलाच पाठवला होता चिखल. त्यात काही जिवंत नको होतं. एवढ्याशानेसुद्धा ती मरेल."

शेडमधलं मशीन चालू होतं. कुणीतरी ते बंद केलं.

"पण तूच म्हणालीस," झोराइदे म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता. "देवळाच्या पायरीवर. सगळं मेलंय म्हणालीस. तुझे डोळे भरले होते, कोमाद्रे, मी पाहिले."

"आनंदाने भरले होते गं!"

"आम्हाला वाटलं, रडू आवरतेस. घरी जाऊन मी लिंदाउराला म्हटलं, शहरवाल्यांनी आई मारली बिचारीची, आणि ती कुणाला बोलायची नाही."

लिंदाउरा कोळंबीच्या ढिगाशेजारी उकिडवी बसली आणि तिने ओल्या हातांत तोंड झाकलं. "काढता येत नाही का? वरवरची? मी एकेक पिशवी निवडून देते."

"मळलेल्या कणकेतून खमीर निवडून काढता येतं?"

एपोनिनाला राग काढायला समोर कुणीतरी हवं होतं आणि समोर या होत्या. नादीर इस्पितळात होती तेव्हा याच दोघींनी तिचं घर सारवून-पुसून ठेवलं होतं, कोंबड्यांना दाणे टाकले होते. ती रागावूही शकली नाही.

शेडच्या टेलिफोनवरून तिने डॉक्टर योशिएंना गाठलं. झालेलं सगळं सांगितलं.

"त्यातली एकही लावलीत?"

"नाही."

"लावू नका. एकही नाही. ऐकताय ना?"

"पुन्हा पाठवते बाई. आजच. गाडी उभी आहे."

"कोबाल्ट बदलायला घेतलाय, एपोनिना. आमचा कक्ष बंद आहे. उन्हाळ्याआधी उघडत नाही."

"दुसरीकडे कुठे?"

"दुसरीकडे इस्पितळाच्या सुया, पट्ट्या घेतात. ओल्या चिखलाला दारात उभं करत नाहीत. मी विचारते. खरंच विचारते. पण वचन नाही देत." मग, "बोटं उन्हाळ्यापर्यंत थांबतील?"

टेलिफोन खाली ठेवताना एपोनिनाला दिसलं, झोराइदे दारात उभी राहून तिच्या ओठांकडे बघत होती, बहिऱ्या माणसाने बघावं तसं.

घरी आली तेव्हा नादीर कोठीत जमिनीवर बसली होती. मांडीवर एक फुगलेली पिशवी, दोन्ही मनगटांत घट्ट धरलेली, आणि दातांनी ती तिचा कोपरा ओढत होती. हनुवटीवर काळा ओघळ आला होता. एपोनिनाने झडप घालून पिशवी हिसकावली, सरळ कोटाच्या बाहीने तिचं तोंड पुसलं, ओठ पुसले, जीभ बाहेर काढायला लावून पाणी ओतलं.

नादीर तिच्याकडे बघत होती. तिला वास आला होता. कानांनी नाही पण नाकाने ती साऱ्या गावाला पुरून उरायची. तिने एक मूठ दुसऱ्या मुठीवर घासली. बोटं उघडी असती तर ती खूण म्हणजे चिखल. मग मूठ आपटली. लाव.

"आत विष आहे," एपोनिनाने हातांनी सांगितलं. "झोराइदेने आई घातलीय. तापाने मरशील."

लाव.

"उन्हाळ्यात पुन्हा स्वच्छ येईल. थांब."

नादीरने मान हलवली. तिने आपल्या दोन मुठी एकमेकींना चिकटवून स्वतःच्या तोंडासमोर धरल्या. दार. मग त्या मुठी छातीवर आणल्या. दाराच्या आत, ती. आणि मग पुन्हा दार, दार, दार, तोंडावर आपटत राहिली, ओठ फुटेपर्यंत, एपोनिनाने मनगटं धरेपर्यंत.

त्या दुपारी एपोनिनाने तो चिखल खरंच हातात घेतला होता. पाणी गरम होतंच. एकच दुपार, तिला वाटलं. एकच दुपार बोलू दे. काय काय सांगायचं राहिलं असेल तिचं. भेग आहे का बघू, नसली तर काय होतंय? तिने नादीरची मूठ उजेडात धरली, पेर न पेर तपासलं. कातडी कागदासारखी झाली होती, आणि मधल्या बोटाच्या सांध्यावर, केसाएवढी बारीक, एक लाल रेघ होती. एपोनिना त्या रेघेकडे बघत राहिली. इस्पितळातली ती खाट तिला दिसली, राखेच्या रंगाचा चेहरा, आणि तिच्याकडे बघूनही तिला न ओळखणारे डोळे.

पिशव्या घरात ठेवून चालणार नव्हतं. नादीर त्या दातांनी फोडणार. दुसऱ्या घरी ठेवाव्यात, तर नादीर तिथे चालत जाऊन मुठी पुढे करणार, आणि काम्बुइरात अशी एक बाई नव्हती जिने तिला तो चिखल प्रेमाने लावून दिला नसता.

तिने सगळ्या पिशव्या पेटाऱ्यात भरल्या आणि पेटारा ओढत धक्क्यावर नेला. ओहोटी लागली होती. मासळीच्या सुरीने ती एकेक पिशवी चिरायची, उलटी करायची, पिळायची. काळी माती पाण्यात ढगासारखी पसरून तिवरांकडे, जिथून खणली होती तिकडेच, निघून जात होती. मागे ओसरीच्या कठड्यावर नादीरच्या मुठी धडधडत होत्या. बहिरी माणसं ओरडतात तेव्हा त्यांना स्वतःचा आवाज माहीत नसतो. नादीरचा सगळ्या खाडीला ऐकू गेला. रस्त्यावर झोराइदे आणि लिंदाउरा येऊन उभ्या होत्या, फाटकाच्या आत यायची त्यांची हिंमत होत नव्हती.

शेवटची पिशवी पिळून एपोनिना मागे वळली. तिला काय काय सांगायचं होतं. तिने ओले, काळे हात वर केले.

नादीरने डोळे मिटले.

लहानपणी भांडणात ती हेच करायची. दुसऱ्या माणसाला कान झाकून घेता येतात, तरी आवाज थोडा शिरतोच. नादीरने डोळे मिटले की शिरायला जागाच उरत नसे. तेव्हा एपोनिना तिच्या पापण्या बोटांनी वर ओढायची आणि दोघी जमिनीवर लोळत. आता एपोनिना तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, गालाला हात लावला. मान दुसरीकडे वळली. पापण्या आवळलेल्याच.

तिसऱ्या दिवशीही तसंच. नादीर डोळे मिटून जेवते. चमचा ओठांना लागला की तोंड उघडते, गिळते, पुन्हा बंद करते. घेवडा अळणी आहे की खारट, सांगत नाही. औषध घेते. ताप आलेला नाही. एपोनिना तासातासाला कपाळाला हात लावून बघते आणि तो हातही ओळखीचा असल्याचं नादीर दाखवत नाही. झोराइदे येऊन दारात मासे ठेवून जाते. डॉक्टर योशिएंचा निरोप आला: एका ठिकाणी नाही म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी विचारत आहे. मुठी मांडीवर पडलेल्या असतात आणि रोज सकाळी एपोनिना त्या कोमट पाण्यात धरून, उघडतील तेवढी बोटं उघडून बघते. काल अंगठा थोडा आला होता. आज आला नाही.

जेवण झालं की ती खुर्ची ओढून बहिणीच्या समोर बसते आणि हातांनी बोलते. पाद्र्याला नवा झगा शिवावा लागला, ते सांगते. होडीची गाठ मीच सैल मारली होती, तू नाही, हेही सांगून टाकते. समुद्र म्हणते, पाऊस म्हणते, जाळं, केळीचं पान. जे जे शब्द गेले ते सगळे म्हणते. मिटलेल्या डोळ्यांसमोर तिचे हात हवेत चाललेले असतात आणि वाटेने जाणाऱ्याला वाटावं, म्हातारी माश्या हाकलतेय.

खांदे भरून येतात, तरी ती थांबत नाही. आपण बोलतोय की नाही, हे नादीरला ऐकू येत नाही. कळायचं असेल तर तिला बघावंच लागेल. ते कधी, हे सांगता येत नाही. आणि ज्या क्षणी ती पापणी किलकिली करेल त्या क्षणी समोरचे हात मांडीवर पडलेले असले, तर ती पुन्हा कशाला बघेल?